अकोला ते बडनेरा: एका रेषेचे समीकरण

आलेखावरची सरळ रेषा हा एक नियम असतो. आडव्या अक्षावरची राशी इतकी वाढली की उभ्या अक्षावरची राशी तितकी बदलते, आणि हे प्रमाण रेषेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तेच राहते, एवढे ती सांगते. हा नियम अक्षरांत आणि अंकांत लिहिला की रेषेचे समीकरण तयार होते. राज्य मंडळाच्या दहावीच्या गणितात विद्यार्थ्याला या विषयाची दोन अंगे दोन पुस्तकांत भेटतात: पहिल्या भागात दोन चलांतील रेषीय समीकरणे आणि दुसऱ्या भागात निर्देशक भूमिती. समीकरण दिलेले असेल तर रेषा काढणे बहुतेकांना जमते. कोष्टक करायचे, तीन-चार बिंदू मांडायचे, पट्टी लावायची. रेषा समोर आहे आणि तिच्यावरून समीकरण काढायचे आहे, अशी उलटी वाट आली की मात्र अनेकजण अडतात. व्यवहारात जास्त कामी येते ती हीच वाट, कारण प्रत्यक्षात मोजमापे आधी हाती येतात आणि नियम त्यांच्यातून शोधावा लागतो.

सरळ रेषा ठरायला दोन गोष्टी पुरतात: ती किती तिरपी आहे आणि ती कुठून जाते. तिरपेपणाला पाठ्यपुस्तकात चढ म्हणतात. आडव्या दिशेने एक एकक पुढे सरकल्यावर रेषा जितकी वर जाते तितका तिचा चढ; ती खाली उतरत असेल तर चढ ऋण. रेषा कुठून जाते हे पाहायची सर्वांत सोयीची जागा म्हणजे उभा अक्ष, कारण तिथे आडवी राशी शून्य असते. रेषा उभ्या अक्षाला ज्या संख्येपाशी छेदते, तिला या लेखात छेद म्हटले आहे. आडव्या राशीला क्ष आणि उभ्या राशीला य मानले, तर उभी रेषा सोडून बाकी प्रत्येक रेषेचे समीकरण एकाच साच्यात बसते:

य = चढ × क्ष + छेद

शाळेत हेच ‘वाय बरोबर एमएक्स अधिक सी’ असे पाठ केलेले असते. त्यातला एम हा चढ आणि सी हा छेद. या दोन संख्या आलेखावरून नीट वाचता आल्या की काम झाले. रेषा आणि समीकरण यांची अशी सांगड घालण्याचा विचार फ्रान्समध्ये रने देकार्तने १६३७ साली छापलेल्या ‘ला जिओमेत्री’त मांडला. त्याच सुमारास पिएर द फर्माही स्वतंत्रपणे त्याच वाटेवर होता.

वऱ्हाडात अशा रेषा रोज काढल्या जातात आणि त्यांच्यावर गाड्यांची ये-जा अवलंबून असते. मुंबईहून भुसावळमार्गे जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचला. त्यावरची अकोला, मूर्तिजापूर आणि बडनेरा ही स्थानके आज मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात मोडतात. विभागाच्या नियंत्रण कक्षात बसणाऱ्या सेक्शन कंट्रोलरपुढे एक चार्ट असतो. आडव्या अक्षावर घड्याळाची वेळ, उभ्या अक्षावर ओळीने स्थानके. धावणारी प्रत्येक गाडी या चार्टवर एक तिरपी रेषा होऊन उमटते. पूर्वी हा चार्ट कागदावर पट्टी आणि पेन्सिलीने भरला जाई. आता तो संगणकाच्या पडद्यावर निघतो. कल्पना खूप जुनी आहे. पॅरिस ते ल्यों मार्गावरच्या गाड्यांचा असाच आलेख एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या ग्रंथात छापला, आणि तो आजही आलेखकलेचा नमुना म्हणून दाखवला जातो.

अकोला ते बडनेरा हा टप्पा उदाहरणाला घेता येईल. रेल्वेने हे अंतर सुमारे ८० किलोमीटर आहे. हिशेबाच्या सोयीसाठी ते नेमके ८० मानले आहे. आडव्या अक्षावर सकाळी सहापासूनची मिनिटे आहेत आणि उभ्या अक्षावर अकोल्यापासूनचे किलोमीटर. गाड्या आणि त्यांच्या वेळा कल्पित आहेत. पहिली गाडी अकोल्याहून निघते आणि मध्ये कुठेही न थांबता, एकाच वेगाने बडनेऱ्याला पोचते. तिच्या रेषेचे खालचे टोक आडव्या अक्षावर १० च्या खुणेला टेकलेले आहे. वरचे टोक ९० मिनिटांच्या खुणेच्या सरळ वर, ८० किलोमीटरच्या ओळीवर आहे. म्हणजे रेषेवरचे दोन बिंदू मिळाले: (१०, ०) आणि (९०, ८०).

आता चढ. दोन बिंदूंच्या उभ्या निर्देशकांतला फरक भागिले आडव्या निर्देशकांतला फरक, हा त्याचा हिशेब. वर ८० − ० = ८०; खाली ९० − १० = ८०; भागाकार १. वजाबाकी दोन्हीकडे एकाच क्रमाने करायची, एवढे पथ्य पाळावे लागते. वर दुसऱ्यातून पहिला वजा केला आणि खाली पहिल्यातून दुसरा, तर चढाचे चिन्ह उलटे होते आणि अकोल्याहून निघालेली गाडी कागदावर मागे जाऊ लागते.

चढ १ आला, पण १ काय? उभ्या अक्षावर किलोमीटर आहेत आणि आडव्या अक्षावर मिनिटे, तेव्हा उत्तर मिनिटाला १ किलोमीटर, म्हणजेच ताशी ६० किलोमीटर. गाडीचा वेग हाच रेषेचा चढ. शाळेतल्या आलेखांवर पुष्कळदा अक्षांना नुसते आकडे असतात, एकके नसतात, आणि त्यामुळे चढ ही एक कोरडी संख्या वाटू लागते. ही मोठी उणीव आहे. प्रत्यक्ष जगातल्या कोणत्याही आलेखावर चढ हा कशाचा तरी दर असतो: मिनिटाला किलोमीटर, क्रेटला किलो, हजार मीटरला अंश. एकक लिहिले की चढाचा अर्थ आपोआप कळतो आणि उत्तर चुकले असेल तर तेही लगेच डोळ्यांत भरते. मालगाडीचा वेग ताशी ६०० किलोमीटर आला, तर कुठेतरी शून्य जास्त पडले हे सांगायला गणिताच्या मास्तरांची गरज नाही.

राहिला छेद. रेषा १० मिनिटांपाशी सुरू होते, उभ्या अक्षापर्यंत ती पोचतच नाही. तिला पट्टीने डावीकडे खाली वाढवले, तर ती उभ्या अक्षाला शून्याच्या खाली, −१० पाशी छेदते. समीकरण झाले:

य = क्ष − १०

या −१० चा अर्थ शब्दशः घेतला तर सहा वाजता गाडी अकोल्याच्या अलीकडे, भुसावळच्या बाजूला १० किलोमीटरवर होती असा निघेल. तसे काही नव्हते. ती अकोल्याच्या फलाटावर उभी होती. समीकरण रेषेचे आहे आणि रेषा दोन्हीकडे अमर्याद वाढते; गाडीचा प्रवास मात्र क्ष १० असल्यापासून ९० होईपर्यंतच आहे. म्हणून समीकरणाशेजारी ‘क्ष १० ते ९०’ असे लिहून ठेवणे हा समीकरणाचाच भाग समजावा.

समीकरण मिळाल्यावर तिसऱ्या बिंदूने पडताळा घ्यावा. क्ष = ५० ठेवले की य = ४० येतो. आलेखावर ५० मिनिटांच्या खुणेवरून वर जाऊन पाहिले आणि रेषा तिथे ४० वरच असली, तर समीकरण बरोबर. पहिल्या दोन बिंदूंनी पडताळा घेऊन उपयोग नाही. वाचतानाच एखादा बिंदू चुकला असेल तर समीकरण त्या चुकीच्या बिंदूशीही इमानदारीने जुळते.

बिंदू कोणते निवडायचे यालाही शहाणपण लागते. रेषा जिथे आलेखकागदाच्या दोन ओळींच्या छेदावरून नेमकी जाते, असे बिंदू घ्यावेत, म्हणजे अंदाज करावा लागत नाही. आणि ते एकमेकांपासून होता होईल तितके दूर घ्यावेत. समजा एका बिंदूची उंची वाचताना एका किलोमीटरची चूक झाली. बिंदू जवळजवळचे असतील, फक्त ५ मिनिटांच्या अंतरावर, तर ५ किलोमीटरऐवजी ६ वाचले जातील आणि वेग ताशी ६० च्या जागी ७२ येईल. तीच चूक रेषेच्या दोन टोकांवरच्या बिंदूंत झाली तर ८० ऐवजी ८१ वाचले जातील आणि वेग ६०.७५ येईल. चूक तेवढीच, पण दूरच्या बिंदूंमुळे ती ८० मिनिटांत वाटली जाते.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो चौकोन मोजण्यात. आलेखकागदावर आडवा एक चौकोन ५ मिनिटांचा असेल आणि उभा एक चौकोन १० किलोमीटरचा, तर ही रेषा दोन चौकोन पुढे जाताना एक चौकोन वर चढते. नुसते चौकोन मोजणारा चढ अर्धा सांगेल. खरा हिशेब १० मिनिटांत १० किलोमीटर, म्हणजे चढ १. पाठ्यपुस्तकात चढाची व्याख्या रेषेने आडव्या अक्षाशी केलेल्या कोनाच्या टॅन गुणोत्तराने दिलेली असते. ती बरोबरच आहे, पण दोन्ही अक्षांचे प्रमाण सारखे असेल तेव्हाच. रेल्वेच्या चार्टवर कोनमापक ठेवून गाडीचा वेग कळणार नाही, आणि कागदाचे प्रमाण बदलले की तीच रेषा उभट किंवा पसरट दिसते. म्हणून चौकोनांवर किंवा कोनावर विसंबू नये; अक्षांवरचे आकडे वाचावेत.

आता उलट दिशेची गाडी. एक मालगाडी सहा वाजता बडनेऱ्याहून सुटते आणि ७ वाजून ४० मिनिटांनी अकोल्याला पोचते. तिची रेषा डावीकडे वरून सुरू होते आणि उजवीकडे खाली उतरते. दोन्ही अक्षांना ती थेट भेटते: उभ्या अक्षाला ८० पाशी, आडव्या अक्षाला १०० पाशी. चढ (० − ८०) भागिले (१०० − ०), म्हणजे −०.८. ऋण चिन्हाचा अर्थ अकोल्यापासूनचे अंतर घटते आहे एवढाच. वेग ताशी ४८ किलोमीटर. छेद समोरच आहे, ८०:

य = ८० − ०.८ क्ष

रेषा दोन्ही अक्षांना अशी छेदत असेल तर समीकरण चढ न काढताही लिहिता येते: क्ष भागिले १०० अधिक य भागिले ८० बरोबर १. दोन्ही छेद थेट भाजक म्हणून बसतात. हे आणि वरचे समीकरण एकच आहे. दोन्ही बाजूंना ८० ने गुणून मांडणी बदलली की पहिल्यातून दुसरे मिळते. एकाच रेषेची समीकरणे दिसायला वेगळी असू शकतात, म्हणून उत्तरपत्रिकेतले उत्तर पुस्तकामागच्या उत्तराशी अक्षरशः जुळले नाही तर लगेच खोडू नये.

दोन रेषांची दोन समीकरणे हातात आल्यावर आलेखाचा खरा उपयोग सुरू होतो. या गाड्या एकमेकींना कुठे भेटतील? भेटीच्या क्षणी दोघींचा क्ष एकच आणि य एकच. म्हणून क्ष − १० = ८० − ०.८ क्ष. त्यावरून १.८ क्ष = ९०, क्ष = ५० आणि य = ४०. सहा वाजून ५० मिनिटांनी, अकोल्यापासून ४० किलोमीटरवर. मूर्तिजापूर अकोल्यापासून या मार्गाने त्याहून थोडे कमी अंतरावर आहे, म्हणजे ही भेट मूर्तिजापूर ओलांडून बडनेऱ्याच्या दिशेला थोडे पुढे होईल. हा मार्ग दुहेरी असल्याने दोन्ही गाड्या आपापल्या रुळांवरून निघून जातील. एकेरी मार्गावर असा छेदनबिंदू दोन स्थानकांच्या मधोमध येऊन चालत नाही. तो स्थानकाच्या ओळीवरच आणावा लागतो, आणि त्यासाठी एका गाडीला थांबवून धरावे लागते. एकेरी मार्गाचे वेळापत्रक आखताना हाच हिशेब पहिला करावा लागतो.

मूर्तिजापुरातून पूर्वी निघणाऱ्या ‘शकुंतला’ या प्रवासी गाडीचा मार्ग असाच एकेरी आणि नॅरोगेज होता. एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला. मूर्तिजापूर ते अचलपूर हे सुमारे ७६ किलोमीटर अंतर कापायला गाडीला चार तासांच्या आसपास लागत. वाटेतले थांबे धरून सरासरी काढली तर चढ ताशी १९ किलोमीटर येतो. मोठ्या मार्गावरच्या ताशी ६० च्या रेषेशेजारी शकुंतलेची रेषा त्याच कागदावर काढली, तर ती जवळजवळ आडवी पडल्यासारखी दिसेल.

थांबा आला की रेषा मोडते. पहिली गाडी मूर्तिजापूरला पाच मिनिटे थांबली तर आलेखावर तीन तुकडे दिसतील: तिरपा, आडवा, पुन्हा तिरपा. मधल्या तुकड्यात वेळ पुढे जाते आणि अंतर तेच राहते. चढ शून्य, आणि समीकरणात क्ष उरतच नाही, फक्त य बरोबर एक स्थिर संख्या. प्रत्येक तुकड्याचे समीकरण वेगळे काढावे लागते. तीन तुकड्यांतून एकच समीकरण ओढून काढायचा प्रयत्न फसतो. यावरून उभ्या रेषेचेही कोडे सुटते. उभ्या रेषेवर वेळ जराही न जाता अंतर बदलते. अशी गाडी असू शकत नाही. गणितात चढ काढायला गेले तर खाली शून्य येते आणि शून्याने भागता येत नाही. तेव्हा उभ्या रेषेचे समीकरण ‘क्ष बरोबर स्थिर संख्या’ असे सरळ लिहितात आणि चढाचा विषय सोडून देतात.

आतापर्यंत उभा अक्ष शून्यापाशी होता. छापील आलेखांत तसे नेहमी नसते, आणि तिथे जाणकारही फसतात. वरुड-मोर्शीकडची संत्री भरलेला एखादा छोटा ट्रक वजनकाट्यावर उभा आहे असे मानले, तर एकूण वजन म्हणजे रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या क्रेटचे वजन यांची बेरीज. क्रेट सगळे सारखे भरले असतील तर क्रेटची संख्या आणि एकूण वजन यांचा आलेख सरळ रेषा येतो. पण कागद वाचवायला आलेख ४० क्रेटपासून सुरू केलेला आहे. डावीकडची उभी कड ही ४० ची ओळ आहे. रेषेवर ५० क्रेटना ३५०० किलो आणि १५० क्रेटना ५७०० किलो वाचता येतात. चढ २२०० भागिले १००, म्हणजे क्रेटला २२ किलो. इथवर ठीक. आता घाईत कुणी डावीकडच्या कडेवरचा आकडा छेद म्हणून उचलला, तर तो ३२८० मिळेल आणि प्रत्येक उत्तर ८८० किलोने जास्त येईल. हे ८८० किलो म्हणजे आलेखावरून गाळलेल्या ४० क्रेटचे वजन, ते दोनदा मोजले गेले.

अशा वेळी छेद वाचायला जाऊच नये. तो हिशेबाने काढावा. चढ माहीत आहे, एक बिंदू माहीत आहे, तेवढ्यावर समीकरण उभे राहते: य − ३५०० = २२ × (क्ष − ५०). सोडवले की य = २२ क्ष + २४००. रिकाम्या गाडीचे वजन २४०० किलो, आलेखावर ते कुठेही नसताना मिळाले. छेद कागदाबाहेर असला, किंवा अक्षावर दोन ओळींच्या मधे कुठेतरी पडत असला, तर हीच रीत भरवशाची. खरे तर ती सगळीकडे चालते, आणि दोन ठळक बिंदू निवडून सुरुवातीपासून हीच वापरली तर अर्ध्याअधिक चुका टळतील.

काही रेषांचा छेद शून्यच असतो. वऱ्हाडातल्या जिनिंगमध्ये कापूस जातो आणि रुई व सरकी वेगळी होऊन बाहेर पडते. कापूस किती घातला आणि रुई किती निघाली याचा आलेख काढला, तर कापूस शून्य तेव्हा रुईही शून्य, म्हणून रेषा आरंभबिंदूतून जाते. तिचे समीकरण काढायला एकच बिंदू पुरतो, दुसरा आरंभबिंदू आयताच मिळालेला असतो. ५०० किलो कापसातून १७० किलो रुई निघाली तर चढ ०.३४, आणि समीकरण य = ०.३४ क्ष. जिनिंगवाले यालाच रुईचा उतारा ३४ टक्के असे म्हणतात. आपल्याकडे रुईची गाठ १७० किलोची धरतात, म्हणून या उताऱ्याला एका गाठीमागे पाच क्विंटल कापूस लागतो. उतारा कमी-जास्त झाला की रेषा आरंभबिंदूभोवती खाली-वर फिरते, आणि एका गाठीला किती कापूस लागणार हे लगेच बदलते. उतारा ३२ टक्क्यांवर आला तर त्याच गाठीला सुमारे ५३१ किलो कापूस लागतो.

तापमापकावरची रेषा सगळ्यांच्या ओळखीची आहे. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरांत वऱ्हाडच्या उन्हाळ्याचे आकडे फॅरनहाइटमध्ये आहेत आणि आजचे आकडे सेल्सिअसमध्ये. बर्फाचा बिंदू (०, ३२) आणि पाणी उकळण्याचा बिंदू (१००, २१२) एवढे माहीत असले की चढ १.८ आणि छेद ३२. अकोल्याचा मे महिन्यातला ४५ अंशांचा दिवस जुन्या मापाने ११३ अंशांचा. अमरावतीहून चिखलदऱ्याला वर जाताना लागणारा गारवाही एका उतरत्या रेषेने मांडतात. उंची हजार मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी कमी होते. अमरावती समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास आणि चिखलदरा अकराशेच्या आसपास, म्हणजे साधारण पाच अंशांचा फरक. हा सरासरीचा हिशेब आहे; एखाद्या दिवसाचे ढग आणि वारे त्याला जुमानत नाहीत.

सरासरीचा विषय निघाला की आलेखावरून समीकरण काढण्याची अवघड बाजू पुढे येते. मोजलेले बिंदू एका ओळीत क्वचितच बसतात. प्रत्येक मोजमापात थोडी चूक असते आणि बिंदू रेषेच्या जरा वर, जरा खाली पडतात. अशा बिंदूंतून पारदर्शक पट्टी ठेवून, दोन्ही बाजूंना साधारण सारखे बिंदू राहतील अशी एक रेषा ओढायची असते. नेमकेपणा हवा असेल तर बिंदूंपासून रेषेपर्यंतच्या उभ्या अंतरांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी होईल अशी रेषा काढतात. ही पद्धत फ्रेंच गणिती लजांद्र याने १८०५ मध्ये प्रसिद्ध केली आणि आजचे संगणक तीच वापरतात. एक नियम इथे कटाक्षाने पाळायचा: रेषा ओढून झाल्यावर चढ काढायला बिंदू रेषेवरचे घ्यायचे, मोजलेले नाहीत. मोजलेले दोन बिंदू घेतले तर बाकी सगळ्या मोजमापांवर पाणी फिरते.

ही रीत शेतकऱ्याच्या थेट कामी येते ती माती परीक्षणात. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातल्या काळ्या जमिनी, विशेषतः पूर्णेकाठच्या खारपाण पट्ट्यातल्या, विम्लधर्मी आहेत. अशा मातीतला उपलब्ध स्फुरद मोजायला १९५४ साली मांडलेली ओल्सन पद्धत वापरतात. मातीतला स्फुरद सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात उतरवायचा, त्यावर निळा रंग आणायचा आणि रंगाची गडदता यंत्रावर वाचायची. पण यंत्र गडदता सांगते, स्फुरद सांगत नाही. दोन्हींना जोडणारे समीकरण प्रयोगशाळेलाच आधी तयार करावे लागते. लिटरमागे ०.२, ०.४ असे १ मिलिग्रॅमपर्यंत स्फुरद असलेली माहितीतली द्रावणे करून त्यांची वाचने आलेखावर मांडतात आणि त्यांतून रेषा ओढतात.

समजा ती रेषा (०, ०.०१) आणि (१, ०.६१) या बिंदूंतून गेली. चढ ०.६, छेद ०.०१, समीकरण य = ०.६ क्ष + ०.०१. आता मातीच्या नमुन्याचे वाचन ०.०७ आले. इथे य माहीत आहे आणि क्ष हवा आहे, म्हणून आधी छेद वजा करायचा आणि मग चढाने भागायचे: ०.०६ भागिले ०.६, म्हणजे लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम. अडीच ग्रॅम माती ५० मिलिलिटर द्रावणात घेतली असेल आणि त्यातले ५ मिलिलिटर रंगासाठी २५ पर्यंत वाढवले असतील, तर उत्तराला १०० ने गुणावे लागते. किलो मातीमागे १० मिलिग्रॅम स्फुरद आला. हेक्टरभर जमिनीच्या वरच्या थराचे वजन २२.४ लाख किलो धरतात, त्या हिशेबाने हेक्टरी २२.४ किलो. छेद क्षुल्लक वाटला म्हणून सोडून दिला असता तर हेच उत्तर हेक्टरी २६ किलोंवर गेले असते आणि शेतात असलेल्यापेक्षा जास्त स्फुरद कागदावर दिसला असता. खताची शिफारस या आकड्यावरून होते.

प्रमाण-द्रावणांची रेषा लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंतच तपासलेली असते. त्यापुढे रंग फार गडद झाला की वाचने रेषा सोडून खाली वाकू लागतात, आणि समीकरण तिथे चालवले तर स्फुरद खऱ्यापेक्षा कमी येतो. नमुन्याचे वाचन ०.६१ च्या वर गेले तर रेषा पट्टीने वाढवत नाहीत. मूळ द्रावणातले कमी माप घेऊन रंग नव्याने आणतात, पुन्हा वाचतात, आणि जितक्या पटीने पातळ केले तितक्या पटीने उत्तराला गुणतात.